तिला कुणी विचारलंच नाही

यंदाच्या 8 मार्चला काय बसवायचं, यावरून आमच्या बैठकीत चांगलंच वाजलं.

बैठक नेहमीप्रमाणे देवबागेतच, एका मैत्रिणीच्या पडवीत. ज्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यातून संगमापर्यंत जाणारा एकच रस्ता. एकाच रस्त्याच्या गावात बाई कुठे गेली, कधी परतली, कुणाच्या गाडीवर बसली हे सगळ्यांना दिसतं. न दिसलेलंही दिसलं असं वाटतं.

विषय ठरलेला होता. आमच्या गटातली एक तरुण मैत्रीण पर्यटकांच्या निवास-न्याहारीच्या ठिकाणी हिशेब आणि पाहुण्यांची नोंद सांभाळते. हंगामात रात्री उशिरा स्कूटीवरून घरी येते. दोन-चार रिकामटेकड्या पोरांनी तिच्याविषयी काहीबाही पसरवलं. ते मोबाईलवरून फिरलं, नाक्यावर हसण्यावारी गेलं आणि तिच्या घरी पोहोचलं तेव्हा ते ‘खरं’ झालेलं होतं. असं देवबागेतच होतं असं नाही, तुमच्या गावातही होतं. म्हणून यंदा बाईच्या चारित्र्याच्या चर्चेवर काहीतरी करायचं, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

भांडण झालं ते कसं करायचं यावर. थोरल्या काकींचं म्हणणं, डफ घ्यायचा, रिंगण करायचं, घोषणा द्यायच्या. आम्ही ‘मुलगी झाली हो’ पाहून चळवळीत आलेल्या बायका, आम्हाला तीच रीत ठाऊक. तरुण मुलींचं म्हणणं, घोषणा सुरू झाली की बापयेमाणसं उठून जातात, मग ऐकवायचं कुणाला? त्यांना लोकांना हसवायचं होतं. त्यावर काकी कडाडल्या, ‘हसवून कोण सुदारलो हा काय गे?’

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पण घरी येताना एक नाव डोक्यात घोळत राहिलं. या बाईनं साठ वर्षांहून अधिक काळ लोकांना हसवलं, आणि हसवता हसवता बरंच काही सांगितलं. आधी रेडिओवरून, मग रंगमंचावरून, मग दूरदर्शनवरून आणि मग चित्रपटातून. ते नाव सई परांजपे. आणि मग दुसरा प्रश्न पडला. आपल्या शिबिरांत आपण ‘उंबरठा’ किती वेळा दाखवला! सुलभा महाजन घराबाहेर पडली त्यावर किती चर्चा केल्या. त्या केल्या ते योग्यच केलं. पण सई परांजपे यांचं एखादं नाटक, एखादा चित्रपट आपण कधी आपला म्हणून लावला का? मी तरी नाही. का नाही, याचा विचार करायला हवा म्हणून हे टिपण.

आईचं घर

सईताईंचा जन्म 1938 सालचा. वडील रशियन चित्रकार. आईवडिलांचा संसार फार टिकला नाही, आणि मुलगी पुण्यात आईच्या माहेरी वाढली. आजोबा म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. पण आपण आईकडे बघू या. शकुंतला परांजपे केंब्रिजला गणित शिकून आल्या. र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं त्यांनी संततिनियमनाचं काम केलं, तेही बायकांनी हा शब्द उच्चारणंसुद्धा अभद्र मानलं जात होतं त्या काळात. पुढे त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. आणि 1937 च्या ‘कुंकू’ चित्रपटात म्हाताऱ्या नवऱ्याची तरुण बायको नीरा हिला आधार देणारी सावत्र मुलगी चित्रा आठवते ना? ती भूमिका शकुंतलाबाईंचीच.

हे सांगण्याचं कारण वंशावळ मिरवणं नाही. नवऱ्याशिवाय मूल वाढवणारी, स्वतः कमावणारी, स्वतःच्या मतानं जगणारी बाई ज्या घरात रोज डोळ्यांसमोर आहे, त्या घरातल्या मुलीला ‘तू लिही’ असं कुणी वेगळं सांगावं लागत नाही. आठ वर्षांची असताना तिचं ‘मुलांचा मेवा’ हे गोष्टींचं पुस्तक छापून आलं. आपल्याकडे आठ वर्षांची मुलगी भावंडाला कडेवर घेऊन फिरते. हा फरक पैशाचा आहे, जातीचा आहे, पुण्याचाही आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यानं सगळं उलगडतही नाही. असं घर मिळालेल्या मुली पुष्कळ होत्या. चार माध्यमांत स्वतः लिहून, स्वतः बसवून दाखवणाऱ्या किती झाल्या?

कान, मग डोळा

सुरुवात झाली पुण्याच्या आकाशवाणीवर. सईताई तिथे निवेदिका होत्या, आणि मुलांच्या कार्यक्रमांमुळे त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. रेडिओवर बाई कशी दिसते याला काही किंमत नाही. ती काय बोलते आणि कसं बोलते, एवढंच उरतं. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर तो बटण पिळून मोकळा होतो. म्हणून रेडिओसाठी लिहिणाऱ्याला पहिल्या वाक्यात कान पकडावा लागतो आणि बोलणं खऱ्या माणसांसारखं ठेवावं लागतं. भाषण चालत नाही. त्यातून ऐकणारी मुलं असतील तर मुळीच नाही.

आमच्या किनाऱ्यावर रेडिओचं मोल जुन्या बायकांना विचारा. रत्नागिरी केंद्रावरचं हवामान ऐकून होड्या बाहेर काढायच्या की नाही ते ठरायचं. आणि मुंबईहून लागणारं ‘वनिता मंडळ’ मासळी निवडता निवडता, भात कांडता कांडता ऐकायचं. वाचता न येणाऱ्या बाईशी मान ठेवून बोलणारा तो एकच आवाज घरात यायचा. बाईचे हात कामात असले तरी कान मोकळे असतात, हे रेडिओला कळलं होतं. आपल्या चळवळीला ते किती कळलं? आपण अजूनही बायकांना हातातलं काम टाकून सभेला या म्हणतो.

रेडिओनंतर नाटक. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून सईताई 1963 साली शिकून बाहेर पडल्या. त्यांनी मुलांसाठी नाटकं लिहिली, मोठ्यांसाठी लिहिली: ‘जास्वंदी’, ‘सख्खे शेजारी’, ‘माझा खेळ मांडू दे’, आणि अगदी अलीकडे उतारवयातल्या जोडप्यावरचं ‘इवलेसे रोप’. ‘जास्वंदी’त श्रीमंत घरात एकटी पडलेली एक बाई आहे, आणि तिच्या आयुष्यावर घरची मांजरं बोलतात. बाईच्या एकटेपणावर बोलायला घरात माणूस उरलेला नाही, मांजरं तेवढी आहेत. ही कल्पना हसू आणते आणि मग ते हसू घशात अडकतं.

इथे मला आमचा दशावतार आठवतो. रात्रभर बसून पाहिलेला. आमच्याकडे शतकानुशतकं बाईचं दुःख पुरुषानं लुगडं नेसून सांगितलं, आणि ते इतकं छान सांगितलं की आम्ही पदर डोळ्यांना लावून रडलो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संवाद उभ्या उभ्या सुचवून बोलायचे असतात. म्हणजे सीता काय म्हणेल, द्रौपदी काय म्हणेल, हे त्या रात्री एक पुरुष ठरवतो. अलीकडे काही ठिकाणी बायकाही दशावतार करू लागल्या आहेत, ती आनंदाची गोष्ट आहे. पण बाई रंगमंचावर उभी राहणं आणि बाईनं बोलणं लिहिणं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली आपण चढलो. दुसरीवर अजून गर्दी नाही. म्हणून नाटक लिहिणाऱ्या बाईची दखल जास्त घ्यायची.

मग आलं दूरदर्शन. दिल्लीला सईताईंनी बरीच वर्षं दूरदर्शनसाठी निर्मिती आणि दिग्दर्शन केलं. ‘द लिटल टी शॉप’ या त्यांच्या दूरचित्रपटाला 1972 साली तेहरानमध्ये आशियाई पातळीवरचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं, आणि त्याच्या उद्घाटनाच्या कार्यक्रमाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे ‘अडोस पडोस’, ‘छोटे बडे’ या मालिका आल्या. आज मालिका म्हटलं की सासूचे डोळे आणि सुनेचे अश्रू. दर संध्याकाळी आपल्याच घरात बसून आपण आपल्याविरुद्धचा प्रचार बघतो. तेव्हाच्या मालिकांत निदान माणसं कामाला जात होती आणि शेजाऱ्यांशी सरळ भाषेत भांडत होती.

एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना सईताईंनी आधीचं काम टाकून दिलं नाही, बरोबर नेलं. ‘चष्मेबद्दूर’ आधी दूरदर्शनसाठी ‘धुआँ धुआँ’ या नावानं झाला होता. ‘कथा’ शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून आला. ‘स्पर्श’मधली अंधशाळा त्यांनी दूरदर्शनच्या कामात जवळून पाहिली होती. बाई उरलेल्या भातापासून सकाळी नवा पदार्थ करते, त्यातलीच ही रीत. जे आहे ते वाया घालवायचं नाही. फक्त आज पानावर कोण बसणार आहे ते पाहून वाढायचं.

तीन संध्याकाळी, तीन चित्रपट

बैठकीतल्या भांडणानंतर मी गटातल्या बायकांना तीन चित्रपट दाखवले. लॅपटॉप एकीचा, भिंत दुसरीची. पर्यटक नसलेल्या दिवसांत निवास-न्याहारीवाल्या मैत्रिणीनं जेवणाची खोली दिली. आता तिथे काय झालं ते सांगते, कारण माझं मत तिथे बनलं.

पहिल्या दिवशी ‘चष्मेबद्दूर’, 1981 सालचा. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन तरुण. दारोदार जाऊन धुण्याची पावडर विकणारी नेहा. तिघांपैकी दोघं तिच्या मागे लागतात, दोघांचीही फजिती होते, आणि दोघंही खोलीवर येऊन आपण तिला कसं पटवलं याच्या रसभरित खोट्या गोष्टी सांगतात. पुढे तिसऱ्याचं आणि तिचं खरोखर जुळतं, तेव्हा हे दोघं त्याचे कान भरतात. आणि तो, साधा, सरळ, अभ्यासू मुलगा, ते ऐकून तिला सोडतो.

खोलीत हसण्याचा नुसता खळखळाट चालला होता. काकीसुद्धा हसत होत्या. या जागी मात्र एकदम शांतता झाली. मग काकीच म्हणाल्या, ‘तिका कोणी इचारल्यानच नाय!’

तिला कुणी विचारलंच नाही. त्या एका वाक्यात काकींनी सगळा चित्रपट सांगितला, आणि आमचा विषयही. बदनामी करणारे दोघं असतात, पण ती खरी होते ती तिसऱ्या सभ्य माणसामुळे. त्यानं विचारलं असतं तर ती तिथेच मेली असती. बाईच्या चारित्र्यावर आपण कितीतरी व्याख्यानं दिली आहेत. पण सभ्य माणसाचं गप्प राहणं इतक्या सोप्या रीतीनं दाखवलेलं मला दुसरं आठवत नाही. हसत असल्यामुळे आम्ही बेसावध होतो, म्हणून ते आत शिरलं.

आणि मग आणखी एक गोष्ट झाली, ती लिहायला लाज वाटते पण लिहिते. एकीनं हळूच विचारलं, ‘आपण तरी तिका इचारला?’ आमच्या त्या स्कूटीवाल्या मैत्रिणीला. ती त्या दिवशी खोलीत नव्हती. गेल्या दोन बैठकांनाही नव्हती. तिच्यावर नाटक बसवायचं ठरवलं आम्ही, पण ते तिला चालेल का, तिला काय हवं आहे, ती बैठकीला का येत नाही, हे विचारायला कुणी गेलं नव्हतं. ‘तिला अवघडल्यासारखं होईल’ असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. खरं तर आम्हीच अवघडलो होतो. आम्हीही त्या तिसऱ्या सभ्य मुलासारख्याच.

दुसऱ्या दिवशी ‘कथा’, 1983 सालचा. मुंबईची चाळ. गोड बोलून सगळ्यांना गुंडाळणारा बाशू, कष्टाळू पण तोंडानं मुका राजाराम, आणि संध्या. बाशू संध्याला फसवून पसार होतो. ती राजारामला आपलं जे काही झालं ते सांगते, आणि तो तिला स्वीकारतो. यावर खूप बोलणं झालं. एक तरुण मुलगी म्हणाली, ‘स्वीकारतो म्हणजे काय? ती काय परत आलेलं पार्सल आहे?’ मला तिचं म्हणणं पटलं. पण काकींनी आठवण करून दिली, 1983 साली घरोघरचे लोक हे बघत होते, आणि नायकानं अशा मुलीशी लग्न करणं तेव्हाच्या हिंदी चित्रपटात सहसा होत नसे. तिथे अशा मुलीला मरावं लागे किंवा वेडं व्हावं लागे. संध्या जिवंत राहते, बोलते, लग्न करते. दोघींचंही खरं आहे.

तिसऱ्या दिवशी ‘दिशा’, 1990 सालचा. आमच्या घरातलंच कुणीतरी भिंतीवर येऊन बसल्यासारखं झालं. दुष्काळी गावातला तरुण, नुकतं लग्न झालेला, कर्ज फेडायला मुंबईच्या गिरणीत जातो. एका खोलीत कितीतरी पुरुष पाळीपाळीनं झोपतात. गावात मागे राहिलेल्या बायका विड्यांच्या कामाला जातात. एक माणूस वर्षानुवर्षं विहीर खणत राहतो, गाव त्याला वेडा म्हणतं, आणि शेवटी पाणी लागतं.

ते गाव देशावरचं, आमचं कोकण नव्हे. पण कोकणानं गिरणगावाला किती पुरुष दिले! मनीऑर्डरीवर चालणारी घरं, गणपतीला आणि शिमग्याला दिसणारे नवरे, उरलेलं वर्षभर सासरा, शेत, गुरं आणि पोरं एकटीनं ओढणाऱ्या बायका. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मग त्या मनीऑर्डरीही आटल्या. त्या संपाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. गावाकडे मनीऑर्डर यायची बंद झाली तेव्हा बायकांनी चूल कशी पेटती ठेवली, ते फारसं कुणी लिहिलं नाही.

चित्रपट संपल्यावर काकी पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान गिरणीत होते. मग म्हणाल्या, ‘पाणी लागला तां तेच्या नावार. पन इतकी वर्सां तेका भाकरी कोणी घातल्यान?’ विहीर खणणाऱ्याची जिद्द सगळ्या गावाला दिसते. त्याला खणता यावं म्हणून घर चालवणारी बाई गावाला दिसत नाही. लिहिणाऱ्या बाईला ती दिसली, म्हणून आमच्या काकींनाही दिसली.

मला काय खटकतं

आता दुसरी बाजू. आपल्या मैत्रिणीचं कौतुक करायचं म्हणून तिचं सगळं पोटात घालावं, असं मला वाटत नाही.

‘चष्मेबद्दूर’मधल्या त्या दोघा मित्रांना लेखिका फार स्वस्तात सोडते. त्यांनी एका मुलीचं आयुष्य जवळजवळ मोडलं होतं. शेवटी सगळे हसतात आणि प्रकरण मिटतं. आमच्या गावच्या नाक्यावरचे मुलगेही नेमकं हेच म्हणतात, ‘आमी मस्करी केली!’ ‘स्पर्श’मध्ये अंध मुख्याध्यापकाचा स्वाभिमान फार सुंदर उभा राहतो. आम्हाला दया नको, मदत विचारून करा, हे त्याचं म्हणणं आपणही आपल्यासाठी म्हणू शकतो. पण कविता, ती विधवा, तिला स्वतःसाठी काय हवं आहे? त्यागापलीकडे तिचं काही आहे का? तो तिच्यावर संशय घेतो की हे प्रेम नसून त्याग आहे. तो संशय चुकीचा असेलही, पण पटकथेनं तिला त्याचं उत्तर द्यायला पुरेशी जागा दिली, असं मला वाटत नाही. त्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. तरी हे म्हणावंसं वाटतं.

शिवाय त्यांच्या बहुतेक बायका मध्यमवर्गातल्या. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी, रापणीच्या दोरावर हात भाजणारी बाई त्यांच्या गोष्टींत क्वचितच येते. ती आली ती ‘दिशा’मध्ये, आणि आणखी एकदा ‘चूडियाँ’मध्ये.

‘चूडियाँ’ 1993 सालचा, फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला लघुपट. महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या बायकांनी दारूविरुद्ध केलेल्या लढ्यावरचा. सामाजिक प्रश्नावरच्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. आपल्यापैकी कितीजणींनी तो पाहिला आहे? आडव्या बाटलीसाठी गावोगाव मतदान घडवून आणणाऱ्या आपण. दारूच्या प्रश्नावर शिबिर घेताना आपण डॉक्टर बोलावतो, वकील बोलावतो, पोलीस अधिकारी बोलावतो. आपल्यावरच केलेला चित्रपट मात्र बोलावत नाही.

‘हलकंफुलकं’ म्हणजे काय?

मग आपण सई परांजप्यांना आपलं का म्हटलं नाही? माझं उत्तर असं, की आपणही समीक्षकांचंच माप वापरलं. पुरुषानं विनोद केला की त्याला ‘मार्मिक’ म्हणतात, बाईनं केला की ‘हलकंफुलकं’. तिनं घर, शेजार, चाळ लिहिली की ‘कौटुंबिक’. त्यानं तेच लिहिलं की ‘मध्यमवर्गाचं विदारक दर्शन’. आपण चळवळीतल्या बायका या भाषेवर एरवी तुटून पडतो. पण नाटक-चित्रपट निवडताना आपल्याही मनात होतंच, की बाईचा खरा प्रश्न म्हणजे किंकाळी, मारहाण, आग. तेही खरं आहे, ते आपण रोज बघतो. पण आग लागण्याआधी जो धूर असतो, नाक्यावरचं हसणं, मित्रांच्या खोलीतली फुशारकी, सभ्य माणसाचं गप्प राहणं, तो दाखवायला हसणारं डोळस लेखनच लागतं.

दुसरंही एक कारण आहे. आपण माध्यमाला साधन मानलं. पत्रक, पोस्टर, पथनाट्य, सगळं आपल्याला जे सांगायचं आहे त्यासाठी. ऐकणाऱ्याचा विचार नंतर. सईताईंच्या कामात मला उलटं दिसतं. मुलं ऐकताहेत, तर गोष्ट. प्रेक्षागृहात तिकीट काढून बसले आहेत, तर दोन तास धरून ठेवणारं नाटक. घरात दिवसाचं काम उरकून बसले आहेत, तर मालिका. प्रत्येक वेळी त्या ऐकणाऱ्याच्या दारात गेल्या. आपण अजून त्याला आपल्या मंडपात बोलावतो आहोत, आणि तो आला नाही की समाज मागासलेला आहे म्हणतो.

त्यांच्या आठवणींचं ‘सय’ हे पुस्तक आपल्या वाचनालयांत ठेवण्यासारखं आहे. चार माध्यमांचं काम एका बाईला कसं जमलं, ते तिच्याच तोंडून कळतं. त्यावर भांडावंसं वाटलं तर भांडा. भांडण करावंसं वाटणं हीसुद्धा दखलच असते.

तर आमच्या 8 मार्चचं काय झालं? आधी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो आणि तिला विचारलं. ती आधी रडली, मग चिडली. आमच्यावरच चिडली, आणि ते रास्त होतं. मग म्हणाली, माझ्यावर रडकं काही करू नका. करायचंच असेल तर मी लिहिते.

तिनं लिहिलं. वीस मिनिटांचं, मालवणीत. नाक्यावरचे दोन पोरगे बढाया मारताहेत आणि त्यांच्या बढाया ऐकून रस्त्यावरचा माड कंटाळलाय. माड बोलतो. मांजरं बोलू शकतात तर माड का नाही? माड झाली होती आमच्या काकी, डोक्याला झावळ बांधून. डफ होता, पण शेवटी, काकींच्या हट्टामुळे, आणि तो तिथे शोभला. शेवटचं वाक्य माडाचं होतं: ‘तिका इचारल्यात काय?’

बापयेमाणसं उठून गेली नाहीत. मागे उभी राहून हसली. काही जण कुठे हसायचं थांबले तेही आम्ही पाहिलं. त्यानं गाव बदललं असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. ती अजून रात्री स्कूटीवरून येते आणि कुणीतरी अजून बघतंच. पण ती आता बैठकीला येते, आणि पुढचं तिनं लिहायला घेतलं आहे. मुली म्हणतात, या वेळी नुसता आवाज भरून मोबाईलवर पाठवू या, बायका मासळी निवडता निवडता ऐकतील. म्हणजे पुन्हा रेडिओच की!

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोण लिहितं? कोण नकला करतं, कोण गोष्ट रंगवून सांगतं, कोण चारचौघींत हसवतं? तिला अहवाल लिहायला बसवू नका. तिला विचारा, तुला काय लिहायचं आहे. आणि ती हसवणारं लिहीन म्हणाली, तर काकींचा प्रश्न तिला विचारू नका. आमच्या काकी आता तो स्वतःही विचारत नाहीत.

– एक कार्यकर्ती, देवबाग (ता. मालवण)